खिडकीकडची वायर, दाराकडची वायर

आमच्या घरातला गिटारचा अ‍ॅम्प कपाटाकडे तोंड करून उभा असतो. पाहुणे विचारतात, हा असा रुसल्यासारखा का? मी सांगते, रुसलेला नाही, शेजारधर्म पाळतोय. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या भिंती इतक्या पातळ आहेत की खालच्या काकूंनी शेंगा कुटायला घेतल्या तर आमच्या ताटातली वाटी हलते. तिथे गिटार वाजवायची म्हणजे रोज भांडण. म्हणून गाद्या-रजयांच्या कपाटाचं दार उघडायचं, अ‍ॅम्पचं तोंड, म्हणजे स्पीकरची बाजू, त्या गाद्यांत खुपसायचं आणि पाठ खोलीकडे ठेवायची. ही युक्ती माझी. नवऱ्याला ती आधी अपमानाची वाटली होती. "स्टेजवर मिरवणाऱ्याला कुणी गादीत तोंड घालून बसवतं व्हय?" असं म्हणून तो दोन जेवणं माझ्याशी बोलला नव्हता.

नवऱ्याला मी समोर 'अहो' म्हणते आणि लिहिताना 'तो' म्हणते. लिहिताना ऐकायला कोणी नसतं.

तो वैरागजवळच्या शेतकरी घरातला. सोलापुरात मोटार रिवाइंडिंग शिकायला आला आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात शिरला. पुढची सगळी वर्षं दिवसा जळालेल्या मोटारींची तांब्याची तार गुंडाळायची आणि रात्री लग्नात, जत्रेत लीड गिटार वाजवायची, असा त्याचा संसार. मी सोलापूरच्याच पूर्व भागातली, विणकरांच्या तेलुगू घरातली. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तो वाजवायला आला होता. कार्यक्रमाआधी तो अ‍ॅम्पवरून ओणवा होऊन मागे विजेची वायर लावत होता आणि मदतीला आलेल्या प्रत्येकाला हाकलत होता. मी आईला तेलुगूत म्हटलं, किती तुसडा माणूस आहे. तोच पुढे नशिबी आला, आणि तुसडेपणाही सोबत आला. वायरीला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला आजही चालत नाही.

मग साखरेने त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची वाट लावली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आहे तेवढं सांभाळू, गेलेलं परत येणार नाही. आता त्याला उजेड कळतो, खिडकी कळते, मी गडद रंगाची साडी नेसले तर मीही कळते. अक्षर कळत नाही, बारीक खटका कळत नाही. रिवाइंडिंगचं दुकान त्याने एका दुपारी शांतपणे बंद केलं. तेव्हा तो रडला नाही. गिटार होती ना.

गिटारचं बिनसलं अक्कलकोटच्या एका लग्नात. सोबतचे सगळे जिवाभावाचे. एकाने कोपराला धरून त्याला स्टेजवर चढवलं, दुसऱ्याने वायरी लावल्या, तिसऱ्याने अ‍ॅम्पची बटणं फिरवून दिली. याच्या गळ्यात गिटार तेवढी अडकवली. सगळं मायेपोटी केलं, त्यात कुणाचं काही चुकलं नाही. वाजवलंही त्याने छान. पण घरी येऊन त्याने गिटार पिशवीत घातली, चेन ओढली आणि म्हणाला, "आता बास."

"का? काय झालं?"

"सामान लावता येईना, त्यो वाजवणारा कसला? आयत्या ताटावर बसलेला पाव्हणा मी."

दुसऱ्या दिवशी त्याने ओळखीतल्या एका गिटारवाल्याला फोन करून सांगितलं, संक्रांत झाली की अ‍ॅम्प घेऊन जा. मला विचारलंसुद्धा नाही. मी पोळपाट आपटला. भांडायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडे बघून मिटलं. तो पलंगाच्या काठावर बसून डाव्या हाताची बोटं मांडीवर दाबत होता, नसलेल्या तारांवर. त्या बोटांची मला इतकी दया आली की राग कुठल्या कुठे गेला. अ‍ॅम्प गेला तर हा माणूस घरात नुसता बसून संपेल, हे मला तेव्हाच कळलं.

मी सौदा केला. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा संपली की आमच्या सोसायटीचं स्नेहसंमेलन असतं. म्हटलं, "तिथे वाजवा. तुमचं सामान तुम्ही एकट्याने लावा. जमलं तर अ‍ॅम्प घरात राहील. नाही जमलं तर मी स्वतः तो जिन्यावरून खाली नेऊन त्या माणसाच्या गाडीत ठेवीन."

त्याने मांडीवरची बोटं थांबवली. मग म्हणाला, "उचलायला माणसं चालतील. लावायला कुणी न्हाय. आणि तू मधी उठायचं न्हाय."

"नाही उठणार."

"तुझा काय भरवसा न्हाय. शपथ घे."

घेतली. मला वाटलं, त्यात काय एवढं.

पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने त्याच सुमाराला एक मल्टी-इफेक्ट्सचा डबा पाठवून दिला. आधी त्याच्याकडे पायाने दाबायच्या छोट्या पेट्यांची रांग होती. एक आवाज घुमवणारी, एक थरथरवणारी, प्रत्येकीला मुगाएवढी बटणं. ती आता त्याच्या कामाची नव्हती. या एका डब्यात ते सगळं होतं आणि पायाला सहज सापडतील असे मोठे खटके होते. पडद्यावर अक्षरं उमटायची, ती मी वाचायची. तो कानाने सांगायचा, "थोडं कमी कर, अजून, हां, हितं थांब," आणि मी ते डब्यात साठवून ठेवायचे.

पहिल्या रविवारी आम्ही जुन्या सवयीने गिटारची वायर डब्यात आणि डब्याची अ‍ॅम्पमध्ये लावली. आवाज ऐकून त्याने तोंड वाकडं केलं. त्याचा अ‍ॅम्प ट्यूबचा, जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या तसल्या नळ्यांचा. तापायला वेळ घेतो आणि तापला की सुराला एक गुरगुर देतो. त्या गुरगुरीवर माझ्या नवऱ्याचा जीव. पण डब्यातून आलेला पडसाद त्या गुरगुरीत जाऊन सगळा भरडला जात होता. कोथिंबीर भाजीबरोबर शिजायला टाकली की तिचा जसा लगदा होतो, तसं झालं होतं. कोथिंबीर भाजी उतरवल्यावर टाकायची असते.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, अ‍ॅम्पच्या पाठीमागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतील बघ."

बघायचं काय त्यात? त्या दोन भोकांतली जाळी मी वर्षानुवर्षं फडक्याने काढत आले होते. पाठ आमच्याकडे असायची ना. हा मात्र आयुष्यभर पुढून वाजवत आला, त्या भोकांची गरज त्याला कधी पडलीच नव्हती. मुलीने समजावलं ते असं: गिटार सरळ अ‍ॅम्पला लावायची. अ‍ॅम्प आपली गुरगुर करून घेतो. मग तो आवाज सेंडच्या भोकातून बाहेर डब्यात जातो, तिथे पडसाद अंगावर घेतो आणि दुसऱ्या भोकातून परत अ‍ॅम्पमध्ये येतो, स्पीकरकडे जायला. माहेरी जाऊन काहीतरी हातात घेऊन आलेल्या सुनेसारखा. हे मला लगेच समजलं.

लावून बघितलं तर आवाज आला, पण आजारी माणसासारखा बारीक. मुलीने डब्यातली एक सेटिंग बदलायला सांगितली, ती मी चष्मा कपाळावर आणि डोळे पडद्याला चिकटवून शोधली. मग त्याने एकच सूर छेडला. सूर गुरगुरला, थांबला आणि त्याच्या मागून तसाच दुसरा आला, मग तिसरा, लांब लांब जात, स्वच्छ, गाद्यांतूनसुद्धा स्वच्छ. त्याने पुन्हा तोच सूर वाजवला आणि तो विरेपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिला.

"लई दिवसांनी खोली मोठी झाली," तो म्हणाला.

आता प्रश्न वायरींचा होता. अ‍ॅम्पमागची भोकं शेजारी शेजारी, बोटाला अगदी सारखी. वायरी दोन्ही काळ्या, सारख्या. पण मी शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिलाई करते, आणि माझा जन्म सुताच्या घरातला. गाठ मारायला मला कोणी शिकवायला नको. अ‍ॅम्पमधून डब्यात जाणाऱ्या वायरीच्या दोन्ही टोकांना जाड सुताची एक गाठ बांधली, डब्यातून परत येणाऱ्या वायरीला दोन. बोट फिरवलं की कळावं.

आणि कुठली कुठल्या भोकात, हे सांगायची रीत मी माझ्या वडिलांची घेतली. माग नव्याने भरताना ताण्याचा एकेक धागा फणीतून ओढून घ्यावा लागतो. त्याला दोन माणसं लागतात. वडील पुढे बसायचे, मी मागे. मी धागा पुढे करायचा, त्यांनी आकड्याने ओढून घ्यायचा. समोरासमोर बसलं की एकाचा डावा हात तो दुसऱ्याचा उजवा, त्यामुळे आमच्याकडे डावा-उजवा कोणी म्हणायचंच नाही. म्हणायचे, भिंतीकडचा धागा, दाराकडचा धागा. भिंत दोघांना एकच असते. त्यात माझी कधी चूक झाली नाही.

तर मी नवऱ्याला शिकवलं, एका गाठीची खिडकीकडच्या भोकात, दोन गाठींची दाराकडच्या. त्याला खिडकीचा उजेड कळतो, म्हणून तर मला माझ्या हुशारीचं जास्तच कौतुक वाटलं. अ‍ॅम्पच्या पाठीसमोर मांडी घालून तो बसायचा, मी त्याच्या डाव्या अंगाला, खिडकीखाली. दुपारचं ऊन आम्हा दोघांच्या अंगावर यायचं. तो वायरी काढायचा, लावायचा, काढायचा, लावायचा. मी भाकरी थापताना स्वयंपाकघरातून ओरडायचे, "एक गाठ?" तो आतून म्हणायचा, "खिडकी!" शेवटी शेवटी तर चढला होता. "डोळं मिटून लावतो बग," असं म्हणून स्वतःच हसायचा. तो त्या विषयावर हसला, म्हणून मीही हसले आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

स्नेहसंमेलन सोसायटीच्या मोकळ्या जागेत होतं. संध्याकाळी थंडी पडली होती. स्टेजवर मागे पडदा, वर झालर. सोसायटीतल्या दोघांनी अ‍ॅम्प उचलून नेला आणि कुठल्याही स्टेजवर ठेवतात तसा ठेवला, तोंड लोकांकडे, पाठ पडद्याकडे. मी दुसऱ्या रांगेत, खालच्या काकूंच्या शेजारी. तो एकटाच काठावरून पाय चाचपत वर चढला. डबा पायापाशी मांडला, गाठी मोजून वायरी डब्याला लावल्या. गिटारची वायर अ‍ॅम्पच्या तोंडाला लावली. मग उरलेली दोन टोकं हातात घेऊन अ‍ॅम्पवरून ओणवा झाला, चुलतबहिणीच्या लग्नात झाला होता तसाच, आणि मागे हात घालून ती लावली. अ‍ॅम्प चालू करून नळ्यांची ऊब हाताच्या पंजाला लागेपर्यंत थांबला. मला इतका अभिमान वाटला की मी काकूंना कोपराने ढोसलं.

त्याने तार छेडली आणि काहीच झालं नाही.

पुन्हा छेडली. पुन्हा शांतता. निवेदन करणाऱ्या बाईंनी तीळगुळावरचा एक विनोद सांगितला, तो कोणी ऐकला नाही. साथीला आलेला ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला मित्र जागेवरून म्हणाला, "येऊ का?" याने नुसता पंजा वर केला. थांब.

मला एका क्षणात कळलं. इथे खिडकी कुठे आहे? इथे दार कुठे आहे? त्याने खिडकी म्हणजे डावा हात एवढं लक्षात ठेवलं होतं, आणि घरी ते बरोबरच होतं, कारण घरी आम्ही अ‍ॅम्पच्या पाठीमागे बसायचो. इथे तो पुढून ओणवला होता. बाजू उलटल्या होत्या. जाणारी वायर येणाऱ्या भोकात, येणारी जाणाऱ्या भोकात. मी वडिलांची रीत घेतली आणि भिंत घरीच विसरून आले. एवढं ओरडून सांगायला कितीसा वेळ लागणार होता? मी अर्धी उठले. शपथ आठवली. साडीचा काठ मुठीत आवळून खाली बसले. आयुष्यात इतकं अवघड बसणं मी कधी बसले नाही.

त्याने मागच्या दोन्ही वायरी उपटल्या आणि तार छेडली. अ‍ॅम्प सरळ वाजला, कोरडा, पण वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कीबोर्डवाला म्हणाला, "अरे, हाय की आवाज! राहू दे तो डबा, असंच वाजव."

तसं वाजवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. दोनच तर भोकं, अदलाबदल करून बघितली असती तरी जमलं असतं. पण मी त्याला ओळखते. न कळता जोडलेल्या वायरीने जळालेल्या मोटारी त्याने आयुष्यभर दुरुस्त केल्या आहेत. अंदाजाने लावणं म्हणजे त्याच्या लेखी न येणं. त्याने मान हलवली आणि गिटार गळ्यातून काढून ठेवली. संपलं, असं मला वाटलं. जिन्यावरून अ‍ॅम्प खाली नेताना मी कुठल्या पायरीवर बसून रडेन, तेही मला दिसलं.

मग अ‍ॅम्पच्या कडेला हात लावत लावत तो मागे गेला. पडद्याला पाठ करून खाली मांडी घालून बसला. आम्हाला अ‍ॅम्पच्या वर त्याचे नुसते पांढरे केस दिसत होते. लोक कुजबुजायला लागले, हा काय करतोय? काकूंनी मला विचारलं, "बरं वाटत नाही का त्यांना?" माझे डोळे स्टेजवरच होते. ते पांढरे केस हलायचे थांबले होते. मग ते हळूच त्याच्या डावीकडे कलले, थोडे वर. आमच्या खोलीतली खिडकी तिकडेच होती. त्या थंड अंधारात तो आमचं दुपारचं ऊन शोधत होता, हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं.

हात हलले. तो उठला, पुढे आला, गिटार गळ्यात घातली. एकच सूर वाजवला. तो सूर गुरगुरला, आमच्या डोक्यावरून पाण्याच्या टाकीकडे गेला, आणि त्याच्या मागून दुसरा गेला, तिसरा गेला. पडसादासकट तो गाद्यांशिवाय मी पहिल्यांदाच ऐकत होते. आवाज इतका मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं. खालच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, इतकं गोड वाजतं होय? मग गादीत कशाला कोंबता त्याला?" मी हसले आणि त्याच वेळी माझं नाक वाहायला लागलं.

घरी आल्यावर मी पाणी दिलं आणि विचारलं, "मागे बसून काय केलंत?"

"खिडकी शोधली."

"सापडली?"

"लगीच न्हाय. आधी नुसतं बसलो. मग म्हटलं, ऊन कुठल्या गालावर यायचं? डाव्या. आणि तू कुठं असायचीस? तितंच, उन्हात. तू सापडलीस, मग खिडकी सापडली." एवढं बोलून तो भाकरी मागायला लागला, जणू विशेष काही बोललाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅम्प पुन्हा कपाटात तोंड घालून उभा होता. मी त्याच्या पाठीशी बसून सेंडच्या भोकाशेजारच्या स्क्रूला जाड लाल सूत बांधत होते, म्हणजे यापुढे खिडकी अ‍ॅम्पबरोबरच जाईल. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो गिटारवाला होता. अ‍ॅम्प न्यायला कधी येऊ, विचारत होता.

"न्हाय हो, आता द्यायचा न्हाय," माझा नवरा म्हणाला. "आमी दोघं वाजवतो त्यो."

मला गिटारची एक तार धड छेडता येत नाही. मी गाठ मारत होते, पण डोळ्यांत पाणी आल्याने सूत दिसेना. शेवटी बोटांनी चाचपून मारली.